जादा गाडी

टण्. टण्.

मधल्या खोलीत स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजला.

मी नुकतीच दवाखान्यातून घरात पाऊल टाकलं होतं. पाच दिवसांचं बाळ दुपट्यात गाढ झोपलेलं. सासूबाई ओवाळून झालेला भाकरतुकडा टाकायला रस्त्यापर्यंत गेल्या होत्या, माझा नवरा धैर्यशील रिक्षातून पिशव्या उतरवत होता. घर अगदी गप्प होतं. त्यात तो आवाज आला आणि मी चप्पल काढता काढता थांबले. तीन वर्षं होत आली होती, आमच्या घरात हा आवाज झाला नव्हता.

“आप्पा? चमचा कशाला वाजवताय? बोला ना.”

पुन्हा एकदा, हळूच, टण्.

आप्पा म्हणजे माझे सासरे. ते दाराच्या चौकटीत येऊन उभे राहिले. एका हातात पेला, दुसऱ्या हातात लहान मुलांची ती पाटी, पट्टी ओढली की पुसली जाणारी. त्यावर लिहिलं होतं : यंत्र पाच दिवस बंद. आणि खाली, मोठ्या अक्षरात : आधी बाळ दाखव.

मी बाळ त्यांच्याकडे दिलं. त्यांनी पेला, चमचा, पाटी सगळं खाटेवर टाकलं आणि तिला दोन्ही हातांत घेतलं. त्यांचे ओठ हलले. गळ्याच्या खालच्या भोकातून नुसती हवा आली, मलमलच्या फडक्याआडून. बाळाने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

आप्पा एकतीस वर्षं कराडच्या स्टँडवर कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायचे. “प्रवाशांनी लक्ष द्यावे, कराड-रेठरे गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे.” तालुक्यातल्या कितीतरी लोकांना त्यांचा चेहरा माहीत नव्हता, पण भाजी घेताना ते तोंड उघडायचे आणि भाजीवाली म्हणायची, “अगं बाई, हे तर स्टँडवरचं!” निवृत्त झाल्यावर वर्षभरात गळ्याचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढायचं ठरलं. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स प्रणालीवरचे संगणक सांभाळायचे. माणसाने वाचलेल्या वाक्यांचे बारीक तुकडे करायचे आणि तेच तुकडे जोडून हवं ते नवं वाक्य त्याच्याच आवाजात बोलायचं, असं एक जुनं फुकट सॉफ्टवेअर मला ठाऊक होतं. मी एक हजार ऐंशी वाक्यं लिहून काढली. निम्म्यांत आसपासच्या गावांची नावं घातली, ती त्यांच्या जिभेवर बसलेली होती म्हणून. आप्पा रोज संध्याकाळी माझ्या जुन्या लॅपटॉपसमोर बसायचे, स्पेसबार दाबायचे, वाक्य वाचायचे, परत दाबायचे. शेवटच्या दिवशी मला घरी यायला उशीर झाला, तर उरलेली वाक्यं त्यांनी एकट्याने संपवली.

ऑपरेशननंतर एक गळ्याला टेकवायचं यंत्र मिळालं होतं. त्यातून घुर्र घुर्र आवाज यायचा. आप्पांनी ते दोन दिवस वापरलं आणि पाटीवर लिहिलं : सायलेन्सर तुटलाय. मग ते कपाटात गेलं, आणि चमचा आणि पेला आले. जेवायला हवं, एक टण्. कुणीतरी इकडे या, दोन.

त्या काळात मी रजेवर घरीच होते. त्या महिनाभरात मी त्यांचा आवाज बांधला. पहिल्यांदा लॅपटॉप बोलला तेव्हा सासूबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या त्या अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. एक मात्र झालं. सगळी वाक्यं आप्पांनी गाडी पुकारल्यासारखी वाचली होती. त्यामुळे ते काहीही टाइप करोत, निघायचं तसंच. “शालन, मला भूक लागलेली आहे.”

“जेवायला बोलावताय का गाडीत बसवताय?” सासूबाई आतून म्हणायच्या.

पण बोलायचे. सगळ्यांशी. फोनवरही. तीन वर्षं.

आता लॅपटॉप उघडून मी बोलायची आज्ञा दिली, तर काळ्या पडद्यावर एक ओळ आली. अमुक नावाचा भाग सापडत नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. काय झालंय ते मला कळलं होतं, आणि कुणी केलंय तेही.

“काय गं?” धैर्यशीलने विचारलं.

“मी घालवलं.”

“काय?”

“आवाज. मीच.”

लिनक्समध्ये एक कारभारी असतो, पॅकेज मॅनेजर. कुठलंही सॉफ्टवेअर त्याच्याकडून मागवायचं. तो ते बसवतो, त्याला लागणारे लहानमोठे भाग आपणहून आणतो, आणि कुठला भाग कुणासाठी आणला ते लिहून ठेवतो. एखादा भाग कुणालाच लागत नाही असं त्याच्या वहीत दिसलं की विचारतो, काढून टाकू? पण आप्पांचा आवाज मी त्याच्याकडून मागवलाच नव्हता. इतकं जुनं सॉफ्टवेअर त्याच्याकडे नव्हतं. मी मूळ कोड आणून, हाताने बांधून, एका बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवला होता. कारभाऱ्याच्या वहीत त्याचं नावच नव्हतं.

हे मी आप्पांना बांधतानाच समजावलं होतं. तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं होतं : म्हणजे जादा गाडी. पालीच्या जत्रेला ते जादा गाड्या सोडायचे. वेळापत्रकाच्या फळ्यावर त्या नसतात. फक्त कंट्रोलरला माहीत असतात.

आणि बाळंतपणाच्या दोन आठवडे आधी, बाळाचे फोटो ठेवायला जागा हवी म्हणून, मी लॅपटॉप साफ करायला बसले होते. कारभाऱ्याने यादी दाखवली. पुढील त्रेचाळीस गोष्टी आपोआप आणल्या होत्या, आता त्यांची गरज उरलेली नाही. काढायच्या? माझी कंबर दुखत होती. मी वाचलंसुद्धा नाही. वाय, म्हणजे हो, दाबलं.

त्यानंतरही आवाज बोलत राहिला, कारण सुरू असलेल्या सॉफ्टवेअरने ते भाग आधीच पोटात घेतलेले होते. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती, तो वायरवरच चालायचा. मला कळा सुरू झाल्या त्या दुपारी वीज गेली आणि तो बंद पडला. परत सुरू झाला तेव्हा मुका.

“मग ते भाग परत आण की,” धैर्यशील म्हणाला.

“ते जुने आहेत. आताच्या कारभाऱ्याकडे मिळत नाहीत. हाताने बांधावे लागतील. आणि मला आठवत नाही, कुठली आवृत्ती, कुठल्या क्रमाने. मी लिहून ठेवलं नाही.”

“फोनवर मराठी आवाज असतोच की. तोवर तो वापरू.” त्याने लगेच फोन काढला, काहीतरी टाइप केलं. एक गोड बाई म्हणाली, “शालन, चहा कर.”

सासूबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. “ही कोण?”

“आई, हा नुसता आवाज आहे.”

“माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या तोंडनं बाई बोलाय लागली व्हय? बंद कर ते.”

आप्पांनी पाटीवर लिहिलं : पुण्याची दिसते.

सगळे हसलो. मी हसता हसता रडायला लागले, आणि बाळंतिणीचं रडणं म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं.

खरी अडचण बारशाची होती. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारते. धैर्यशीलला बहीण नाही. सातव्या महिन्यातच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, “आत्या न्हाई तर न्हाई. एकतीस वर्सं सगळ्या तालुक्याला पुकारलंय ह्यांनी, घरच्या बाळाला पुकारतील.” दुसऱ्या दिवशी आप्पांनी सुताराकडून लॅपटॉपसाठी एक लहानसं स्टूल करून आणलं, पाळण्याशेजारी ठेवायला. पाळणा यायच्या आधी स्टूल आलं होतं घरात.

आता सासूबाई जेवायला वाढताना म्हणाल्या, “इस्लामपूरच्या सुरेखाला फोन करू का? चुलत का होईना, आत्याच हाय.” त्यांनी आप्पांकडे पाहिलं नाही.

आप्पांनी पाटी ओढली. बोलवा, असं लिहिलं. पाटी पुसली, ताटातला भात संपवला, ताट उचललं आणि मोरीवर जाऊन स्वतः घासलं. ताट घासायची त्यांना सवय नव्हती.

“आई, फोन करू नका,” मी म्हणाले. “बाराव्याला सात दिवस आहेत.”

“आगं केतकी, तू बाळंतीण. डोळं ताणायचं न्हाईत.”

“बाळ झोपलं की तेवढंच.”

टण्, असं मोरीतून वाजलं. ताटावर वाटी आपटली होती की काय, कळलं नाही. थोड्या वेळाने आप्पा आले ते हातात एक जाड डायरी घेऊन. ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि पाटीवर लिहिलं : जादा गाडीची नोंद फळ्यावर नसते. डायरीत असते.

मी उघडली. तीन वर्षांपूर्वी मी आवाज बांधत होते तेव्हा आप्पा माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचे. बोलता येत नव्हतं, करण्यासारखं काही नव्हतं. मला वाटायचं नुसते बघतात. त्यांनी सगळं लिहून घेतलं होतं. तारीख, वेळ, मी टाइप केलेली प्रत्येक ओळ इंग्रजी अक्षरांत जशीच्या तशी चितारलेली, आणि शेजारी मराठीत शेरा.

१५.२० कॉन्फिगर. सुटली.
१५.२६ अडली. ध्वनीचा भाग नाही म्हणते.
१५.५० जुना भाग आणला. आकडा १.०.१८. नवा चालत नाही, तपासले.
१६.०५ मेक (म्हणजे बांधणी). सुटली.
१६.३१ अडली. केतकी यंत्राला शिवी देते. (लिहीत नाही.)
१७.१० काम बंद. कारण नोंदवलेले नाही.
१७.४५ पुन्हा मेक. पोचली.

अशी बावीस पानं. ‘काम बंद, कारण नोंदवलेले नाही’ हे पाच-सहा ठिकाणी होतं. कारण मला माहीत होतं. मी पान उलटलं.

पुढचे दिवस असे गेले. बाळ पाजून झोपवायचं, तासभर मिळायचा, कधी वीस मिनिटं. सासूबाईंनी माझे कान मोठ्या फडक्याने घट्ट बांधून टाकले होते, वारं शिरू नये म्हणून. गुडघ्यावर लॅपटॉप, शेजारी डायरी, खाटेखाली शेकायची शेगडी. मी एक ओळ टाइप करायची, आप्पा डायरीत बोट ठेवून बघायचे. चुकले तर पेल्यावर टण्. कोड बांधणारा नवा कंपायलर जुन्या कोडवर खेकसायचा, मग डायरीतली आवृत्ती शोधून आणायची, ती बसली की दुसरंच काही अडायचं. मध्येच बाळ उठायचं. तेव्हा आप्पा तिला घेऊन खोलीभर फिरायचे आणि ती गप्प व्हायची. त्यांच्या छातीतून हवेचा जो आवाज यायचा तो तिला आवडत असावा.

“कुठवर आली गाडी?” सासूबाई डिंकाचा लाडू देताना विचारायच्या.

“उंब्रजला अडकलीय.”

“मग काय, तिथं नेहमीच अडकती.”

नवव्या दिवशी दुपारी ध्वनीचा भाग एकदाचा बांधून झाला. सासूबाई आत पडल्या होत्या. आप्पा ओट्यावर बाळाची दुपटी वाळत घालत होते. भाग खरंच चालतोय का, हे बघायला आप्पांची एखादी मूळ ध्वनिफीत वाजवायची होती. कान बांधलेले, त्यामुळे इयरफोन घालता येईना. मी लॅपटॉपचाच आवाज वाढवला आणि ध्वनिफितींचा फोल्डर उघडला.

शेवटची फाइल एक हजार ऐंशी असायला हवी होती. यादी एक हजार एकशे चारपर्यंत गेली होती.

चोवीस फाइली जास्त. मी आवाज बांधताना माझ्या वाक्यांच्या यादीवरून बांधला होता, त्यामुळे यादीबाहेरचं काही असेल असं बघितलंच नव्हतं. फाइलींची तारीख ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळची. चुकून स्पेसबार दाबला गेला असेल, रिकाम्या असतील, असं वाटलं. मी शेवटची वाजवली.

“इंद्रजित. हळू. पडशील रे.”

पुकारल्यासारखं नव्हतं ते. फलाट नव्हता, प्रवासी नव्हते. अंगणात, दोन हातांवर कुणीतरी असावं तसा आवाज. आप्पांचा तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मी तिच्या आधीची वाजवली.

“पद्मजा. ये. इकडं ये, कडेवर घेतो.”

त्याच्या आधीची.

“वैजयंती, जेवलीस का गं?”

“सुमेध. आजोबाचा चष्मा दे. दे म्हणतो ना.” आणि बारीकसं हसू.

बारा नावं. सहा मुलांची, सहा मुलींची. प्रत्येक दोनदा, एकदा हाक मारून, एकदा काहीतरी बोलून.

इथे मला एक सांगायला हवं, जे मी आत्तापर्यंत बाजूला ठेवलं. ती वाक्यं आप्पा वाचत होते तेव्हा मला अडीच महिने झाले होते. घरातल्या चौघांनाच माहीत होतं. सप्टेंबरात बाळ येणार होतं. आप्पांचा गळा फेब्रुवारीत जाणार होता. त्यांनी हिशेब केला असणार. मुलगा की मुलगी माहीत नाही, नाव काय ठेवतील माहीत नाही, म्हणून त्यांनी सगळीच बोलून ठेवली. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी माझं ते बाळ गेलं. ते आयसीयूतून नुकतेच वॉर्डात आले होते आणि मी त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर होते. रजा त्याचीच होती. डायरीतलं ‘काम बंद’ त्याचंच होतं. आणि ह्या चोवीस फाइलींबद्दल त्यांनी मला तीन वर्षांत एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मी वर पाहिलं. आप्पा दारात उभे होते, ओलं दुपटं हातात. त्यांनी ऐकलं होतं.

मीच बोलले. “आप्पा, आवाज बसेल की नाही मला खात्री नाही. बसला तरी तो जोडाजोडीचा. हा खरा आहे. तुमच्या तोंडचा.” मी बाळाकडे पाहिलं. “आम्ही ठरवलेलं नाव अजून कुणाला सांगितलेलं नाही. ह्यातलं एक ठेवू या. पद्मजा. किंवा वैजयंती. बारशाला हेच लावू, तुम्ही खरोखर हाक मारलेली. सगळ्यांना ऐकू दे.”

आप्पांनी दुपटं खुर्चीवर पसरलं. सुरकुत्या काढल्या. मग पाटी घेऊन माझ्याजवळ खाटेवर बसले आणि लिहिलं : ती नावं दिली.

“कुणाला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, सावकाश, प्रत्येक अक्षर गोल.

त्या बाळाला. एक सीट दोनदा विकत नाहीत.

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. फडक्याने बांधलेले कान, डोळे, नाक, सगळं वाहायला लागलं. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले. बाळ चुळबुळलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने तिचं दुपटं सारखं केलं. तेवढ्यात सासूबाई उठून आल्या, दोघांकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. “काय झालंय?”

आप्पांनी लिहिलं : अडली होती. सुटेल.

मग खाली, माझ्यासाठी : तिचं नाव काय ठेवलंय?

मी त्यांच्या हातातली लेखणी घेतली आणि पाटीवर लिहिलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि चटकन पट्टी ओढून पुसून टाकलं, सासूबाईंना दिसू नये म्हणून.

“मला न्हाई दाखवायचं?”

“बाराव्याला पुकारतील आई,” मी म्हणाले.

अकराव्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, डायरीतल्या शेवटच्या पानावरची शेवटची ओळ मी टाइप केली. पडदा भराभर सरकला आणि थांबला. कुठलीच तक्रार नाही. मी लॅपटॉप आप्पांच्या पुढ्यात सरकवला. त्यांनी दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं, एन्टर दाबलं.

“प्रवाशांची गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत.”

“आली बाई एकदाची,” सासूबाई आतून म्हणाल्या आणि मग बराच वेळ आत भांडी लावल्याचे आवाज येत राहिले.

बारशाला गल्लीतल्या तीसेक बायका होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली घुगऱ्यांच्या पुड्या. आप्पांनी पांढरा शर्ट घातला होता, बाह्या खाली, बटणं लावलेली, ड्युटीवर जायचे तसा. स्टूल पाळण्याला टेकवून ठेवलं. सासूबाईंनी बाळाला पाळण्यात घातलं. आप्पा वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि ओठ हलवले. हवा गेली तिच्या कानात. ती दचकली नाही. मग त्यांनी कळ दाबली.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. प्रवाशांनी लक्ष द्यावे. नऊ महिन्यांचा प्रवास करून आलेली, रेवा धैर्यशील नलवडे, फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे.”

कुणीतरी खुदकन हसलं, आणि सगळ्याच हसल्या, आणि शेजारच्या हौसाकाकू हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. “अगं, अगदी तेच गं! अगदी स्टँडवरचं!”

‘रेवा’मध्ये एक बारीक हिसका होता. ‘रे’ आणि ‘वा’च्या मध्ये. आप्पांनी हे नाव कधी उच्चारलेलं नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरने रेठऱ्याचा रे आणि वाईचा वा घेऊन जोडला होता. मला तो हिसका ऐकू आला. आप्पांनाही आला असणार. त्यांनी पुन्हा कळ दाबली. आणि पुन्हा. बायका घुगऱ्या वाटत होत्या, कुणी पाळणा म्हणायला लागलं होतं, आणि ते मान तिरकी करून ऐकत एकेकदा दाबत होते. रेवा. रेवा.

ह्याला साडेपाच वर्षं झाली. आप्पा आता अडुसष्टचे आहेत. जुना लॅपटॉप गेल्या महिन्यात बिजागरीतून तुटला, म्हणून मी सगळं नव्या यंत्रावर आणलं. ह्या वेळी डायरी मी लिहिली. आप्पा मागे खुर्ची टाकून बसले होते आणि मी एखादी ओळ लिहायची विसरले की टण् व्हायचं. सगळ्या ध्वनिफिती नेल्या. एक हजार एकशे चार.

रेवाला त्या आवाजाचं काही विशेष वाटत नाही. तिच्या दृष्टीने आजोबा असेच बोलतात. शाळेतून आली की त्यांच्या मांडीवर बसते आणि त्यांच्याकडून काहीबाही टाइप करून घेते. “रेवाने दप्तर जागेवर ठेवलेले नाही,” असं सगळ्या घराला ऐकू जातं आणि ती लोळून हसते.

परवा दुपारी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

“पद्मजा. ये. इकडं ये, कडेवर घेतो.”

मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेले. रेवा आप्पांच्या मांडीवर बसून बाणाची कळ दाबत होती, एकेक फाइल खाली सरकत होती. तिला वाचता येत नाही अजून, नुसते आकडे येतात. आप्पांनी तिला थांबवलं नव्हतं. त्यांची दोन बोटं कीबोर्डच्या वर, हवेत तशीच होती.

“इंद्रजित. हळू. पडशील रे.”

यादी संपली. रेवाने पुन्हा कळ दाबून पाहिली. मग मांडीवरून खाली उतरली, दाराबाहेर जाऊन अंगणात डोकावली, फाटकापर्यंत नजर टाकली आणि परत आली.

“आई,” ती म्हणाली, “आजोबा एवढ्या हाका मारतायत, तर ही सगळी मुलं येत का नाहीत?”